फिगाद

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
दुपारी दोननंतर अंजीर स्वस्त होतं.
सकाळी पानांवर देठ वर करून मांडलेलं असतं
तेव्हा भाव विचारायचीही सोय नसते.
दोननंतर टोपलीच्या तळाशी
जे दबलं, जे फुटलं, ज्याच्या बुडाला मध आला,
त्याची गिऱ्हाईक मी.

कानिफ नावाचा पोरगा सासवडहून
रात्रभर टेम्पोत बसून येतो.
"घ्या मावशी, उद्या ह्याचं काय बी ऱ्हायचं नाही,"
हे तो दर शुक्रवारी सांगतो
आणि दर शुक्रवारी ते खरंच असतं.
आंबा गवतात पडल्या पडल्या चार दिवस विचार करतो,
फणस आठवडाभर वास सोडत बसतो,
अंजीर थांबत नाही.

पाच किलो घेतले.
मयड्याच्या बसमध्ये मांडीवर टोपली,
उतरले तेव्हा ओढणीला गुलाबी नकाशा.

खालच्या घरात एर्मेलिंदबाय
(वय विचारलं की म्हणते,
पोर्तुगीज गेले तेव्हा मी चौथीत होते).
तिने एक अंजीर बोटांनी उकललं,
आत बराच वेळ पाहिलं,
म्हणाली, हे फिगु.
मग हसली ती थांबेचना.

तिचा फिगाद साऱ्या गावाला ठाऊक.
मयड्याची लांबलचक केळी, साखर, लिंबू,
तांब्याच्या टोपात ढवळून ढवळून
तपकिरी वडी. त्यात अंजीर नाही, कधीच नव्हतं.
दर्यापलीकडून आलेल्या माणसांनी
आमचं केळं पाहिलं, खाल्लं,
आणि त्यांना आपल्या घरचा एकच शब्द आठवला.
तो तेवढा मागे राहिला.
साठ वर्षं ती हा शब्द ढवळते आहे.
आज त्याचं फळ पहिल्यांदा तिच्या टोपात.

साली काढू नको, म्हणाली.
काढली तर रंग जातो.
मी देठ खुडत गेले, बोटं चिकट,
चिकामुळे खाज, ती सांगायची राहिलीच होती.
खोबरेल लाव, असं नंतर म्हणाली.
साखर कमी टाकली, तरी जास्त झाली.
बिया दवलीखाली कुरकुरत राहिल्या,
केळं कधी बोलत नाही, ती म्हणाली,
हे मेलं तासभर बोलतंय.

उरलेले दीड किलो
बेनितू पोदेराच्या भट्टीत.
संध्याकाळचे पाव निघाले की ऊब उरते,
ती तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना फुकट देतो.
रवा, खोबरं, अंडी, वर अर्धी अर्धी चिरलेली अंजिरं,
तोंड वर करून.
बाथ एका कडेने करपला,
कारण बेनितू क्रिकेट बघत होता.
करपलेली कडच आधी संपली.

टोप उतरवला तेव्हा दहा वाजून गेले होते.
दवली मधोमध उभी राहिली, पडली नाही.
ताटाला लोणी फासलं, ओतलं,
गार होईतो दोघी पायरीवर बसलो.
कुणी काही बोललं नाही. डास होते.

तिने सुरीच्या टोकावर एक तुकडा घेतला.
डोळे मिटले, दात हलवले, बिया चावल्या.
मी परीक्षेला बसल्यासारखी.
"बरें आसा," म्हणाली.
आणखी एक तुकडा घेतला.
"बरें आसा, पूण फिगाद न्हय."

डबे भरले. तिने चिठ्ठ्या कापल्या, लेई लावली,
पेन माझ्या हातात दिलं,
तू बँकेत असतेस, तुझं अक्षर बरं, नाव घाल.
मी पेन टेकवलं. उचललं.
शेवटी तारीख तेवढी लिहिली, नऊ मे.

पुढच्या शुक्रवारी एक वडी कागदात बांधून नेली.
कानिफच्या जागी कुणी बाई
सुक्या मिरच्या पसरून बसली होती.
बहर सरला, म्हणाली, आता तो यायचा नाही.
वडी कुणाची ते तिने विचारलं नाही.
खाल्ली, बोट चाटलं,
आणि मिरच्या मोजून चार जास्त घातल्या.